हरणी आणि बिनआवाजाची गाडी

कोल्हापूरच्या शाहूपुरीतल्या त्या मोबाइलच्या दुकानात तुम्ही गेलात आणि काउंटरमागच्या संयोगिता गवळीनं तुम्हाला वस्तू विकायचं नाकारलं, तर वाईट वाटून घेऊ नका. ती रोजच कुणाला ना कुणाला नाकारते. परवा एक चांगले भरलेल्या अंगाचे गृहस्थ हातावर बांधायचं नवं घड्याळ बघायला आले. पावलं मोजतं, झोप मोजतं, काळजाचे ठोके मोजतं, सगळं मोजतं म्हणे. संयोगितानं त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पावणं, तुमी घरातनं गाडीवर बसणार, गाडीवरनं कट्ट्यावर बसणार. मोजायचं काय त्या बिचाऱ्यानं?"

दुसऱ्या गावात असता तर माणूस तडक निघून गेला असता. हा पोट धरून हसला, साधे कानातले हेडफोन घेऊन गेला आणि दुसऱ्या दिवशी मेहुण्याला घेऊन आला. दुकानाचा मालक म्हणूनच तिला काही बोलत नाही. पोरगी तोंडानं फटकळ आहे, पण खोटं सांगत नाही, ही कीर्ती शाहूपुरीभर झालेली.

नव्या वस्तूंचं तिला वावडं आहे असं मात्र कुणी समजू नये. उलट, वेडच आहे. दुकानात नवं खोकं आलं की ते फोडायचा मान तिचाच. तिच्याबरोबर काउंटरला असणारी मैत्रीण मदिहा तर म्हणते, ही लग्नात नवऱ्याचा मुंडावळ्यांचा पुडासुद्धा आधी उलटून मागची माहिती वाचंल. फक्त संयोगिताची कसोटी वेगळी. जी वस्तू आपल्या घरात शेणात, पाण्यात आणि आईच्या हाताखाली टिकली ती खरी, बाकीची शोभेची. आपोआप फिरून झाडणाऱ्या यंत्राबद्दल तिचं मत होतं, "आमच्या गोठ्यात सोडून दाखवा, मग बोलू." हाक मारली की उत्तर देणारा डबा तिला पटला नाही. हाक न मारता उत्तर देणारी आई घरात असताना त्याची गरजच काय? आणि तिच्या स्वतःच्या मनगटावरचं घड्याळ एकदा ऐन धारेच्या वेळी म्हणालं की बराच वेळ बसून आहात, उठा, जरा चाला. संयोगिता चरवी गुडघ्यात धरून त्याला म्हणाली, "उठतो की बाबा, म्हशीला सांगून बघ तू." कोल्हापुरात पोरीसुद्धा 'उठतो', 'जातो' असंच बोलतात. परगावच्या माणसाला गंमत वाटते, इथं कुणाच्या लक्षातही येत नाही.

ही असली मतं वाया जाऊ नयेत म्हणून तिनं मोबाइलवर 'संयोगिता सांगती' नावाचा चॅनेल काढला होता. जगातले लोक असले व्हिडिओ पांढऱ्या भिंतीपुढं, निळे-जांभळे दिवे लावून करतात. संयोगिताला घरात जागा होती ती गोठ्यातच. पहाटेची धार उरकली की ती गव्हाणीच्या कडेवर फोन टेकवायची, कॉलरला माइक लावायची आणि पेठेला ऐकू जाईल अशी आरोळी द्यायची, "या पावणं, या!" मग लगेच हरणीच्या पाटीत सरकीची पेंड टाकायची. क्रम ठरलेला. आधी आरोळी, मग पेंड. कारण हरणी खायला लागली की पाटी इतकी आपटते की गव्हाणीवरचा फोन हलून सुरुवातच बिघडते. आणि पेंड टाकलीच नाही तर ती मागून येऊन बोलणारीचा पदर नाहीतर ओढणी चघळते. एवढं झालं की हरणी पेंड खाणार आणि संयोगिता बोलणार. बघणारे फार नव्हते. जे होते त्यांतले निम्मे हरणीसाठी येत असावेत, कारण खाली लिहिलेलं असायचं, 'चार्जर कसा आहे ते कळले, म्हैस किती दूध देते?'

हरणी म्हणजे बाळासो गवळ्यांचा जीव. बाळासो संयोगिताचे वडील. पाच म्हशी दावणीला, पण चार म्हशी आणि एक हरणी अशी त्यांची मोजणी. काळीभोर, कपाळावर रुपयाएवढा पांढरा टिक्का, शिंगं मागं वळलेली. रेडकू होती तेव्हापासून ती सगरात पळत आलेली.

आता सगर म्हणजे काय, ते कोल्हापूरकराला सांगणं म्हणजे त्याचा अपमान. बाकीच्यांनी ऐकावं. दिवाळीच्या पाडव्याला गवळी आपल्या म्हशी धुऊन, शिंगं रंगवून, गळ्यात कवड्यांच्या माळा आणि कपाळावर मोरपिसांचा तुरा बांधून रस्त्यावर काढतात. हलगी कडाडत असते. मालक मोटरसायकलवर पुढं, म्हैस मागं. दोर नाही, काठी नाही. मालकानं गाडी दामटली की म्हैस त्या गाडीचा आवाज ओळखून जीव घेऊन मागं धावते. शेकडो माणसं, फटाके, दहा गाड्यांचा गदारोळ; पण ती धावते आपल्याच मालकाच्या गाडीमागं. ज्याची म्हैस अशी धावली त्याची मान वर्षभर ताठ. ज्याची धावत नाही तो दोर धरून चालत जातो. त्यात पाप काही नाही, पण लोक बघतात.

बाळासोंची मान पोरवयापासून ताठ होती. त्यांची गाडी जुनी, दुधाच्या किटल्या वाहून वाकलेली, सायलेन्सरची पुंगळी कधीच गळून पडलेली. ती सुरू झाली की गल्लीतली तान्ही पोरं उठून बसायची आणि गोठ्यात हरणी कान उभे करायची. पण या वर्षी बाळासोंच्या गुडघ्यानं संप पुकारला. डॉक्टर म्हणाले, किक मारणं बंद. मग पाडव्याला हरणीपुढं गाडी कोण चालवणार?

"मी," संयोगिता म्हणाली. बाळासोंना तेच हवं होतं, पण त्यांनी आधी चहा संपवला आणि मग म्हणाले, "बघ. पडशील बिडशील."

शेजारच्या पिराजीकाकांना मात्र ते रुचलं नाही. पिराजीकाका म्हणजे गल्लीतले जुने गवळी. बाळासोंचे दोस्तही तेच आणि सगरातले दुश्मनही तेच. "आरं बाळासो, सगर हाय का हळदीकुंकू?" ते म्हणाले. तेव्हापासून संयोगितानं मनाशी गाठ बांधली की काही झालं तरी या पाडव्याला हरणी तिच्या मागं पळाली पाहिजे. गल्लीत गवळ्याची पोर सगरात पुढं झालेली आजवर कुणी बघितली नव्हती.

आणि मग बापलेकीनं मिळून एक असा घोळ घातला, की तसा घोळ फक्त गवळ्याच्याच घरात होऊ शकतो.

दसऱ्याला नवी गाडी घ्यायची, हा कोल्हापूरचा रिवाज. संयोगितानं बरेच दिवस हेरून ठेवलेली विजेवरची गाडी त्या दिवशी घरी आली. किक नाही, पेट्रोल नाही, बाळासोंच्या गुडघ्याला त्रास नाही. जुनी गाडी बदल्यात दिली. दुकानदारानं ती नेली तेव्हा बाळासोंनी तिच्या सीटवरून एकदा हात फिरवला, एवढंच. नव्या गाडीला झेंडूचा हार घातला, नारळ फोडला, आणि बाळासो गल्लीतून एक फेरी मारून आले ते हरखूनच. "आवाज म्हणून न्हाय गं! मागनं गेलो तर मांजार हललं न्हाय!" आठवडाभर ते भेटेल त्याला हेच सांगत होते. संयोगितानं त्या गाडीवर व्हिडिओ केला आणि तिच्या शांतपणाला पैकीच्या पैकी गुण देऊन टाकले.

दिवाळी तोंडावर आली. सरावासाठी एका संध्याकाळी तिनं हरणीला माळावर नेलं. दोर सोडला, गाडीवर बसली, मूठ पिळली आणि निघाली. बरंच पुढं जाऊन मोठ्या ऐटीत मागं वळून बघते तर हरणी जिथल्या तिथं रवंथ करत उभी. गाडी सुरू झाली, गाडी गेली, याचा तिला पत्ताच नव्हता.

बाळासो काठी टेकून कडेला उभे होते. दोघांनी एकमेकांकडं बघितलं. दोघांच्याही डोक्यात प्रकाश एकदमच पडला.

"आयला," बाळासो म्हणाले.

सगराची तयारी करणाऱ्या घरानं म्हशीचा कानच विकून टाकला होता! घरी आल्यावर आईनं सगळं ऐकून घेतलं. "मला इचारलं असतं तर सांगितलं असतं की," एवढं बोलून ती भाकरी थापायला लागली. तिला खरंच सुचलं असतं का, हे विचारायची दोघांचीही छाती झाली नाही.

जुन्या गाडीचा शोध सुरू झाला. ती कुरुंदवाडच्या शमशुद्दीनभाईंनी घेतली होती. फोनवर माणूस मोठा गोड निघाला. सगळं ऐकून हळहळला. "अगं बेटा, कालच इंजिन खोललंय. पार्ट समदे पाटीत पडल्यात. पाटी घेऊन जातीस काय?" गाडी दिवाळीनंतरच उभी राहणार होती. मग मदिहाच्या भावाची, वसीमची गाडी आणली. वसीमनं माळावर धूर काढला; हरणीनं त्याच्याकडं पाठ फिरवली. इंटरनेटवरचे तसल्याच गाड्यांचे आवाज मोठ्या स्पीकरवर लावले. हरणीनं स्पीकर चाटून बघितला.

तेवढ्यात मदिहाला युक्ती सुचली. "तुझ्या व्हिडिओत असंल की! तू बोलायलीस तवा बाबा रोज किटल्या घेऊन निघायचे."

संयोगितानं तिला मिठीच मारली. दोघी गोठ्यात बसल्या, स्पीकर गव्हाणीवर ठेवला आणि जुने व्हिडिओ एकामागून एक लावले. मागं बाळासो किटल्या अडकवताना दिसत होते, किक मारताना दिसत होते, धूरसुद्धा दिसत होता. आवाज मात्र ठिपूसभर नाही. नुसती संयोगिता, स्वच्छ, खणखणीत, "या पावणं, या!" कारण कॉलरला लावलेला तो माइक आजूबाजूचा गोंगाट पुसून टाकणारा होता. तिनंच त्याची तोंड भरून स्तुती केली होती. 'हलगी वाजू दे न्हायतर रेडा वरडू दे, ह्यात फकस्त तुमीच ऐकू येणार,' हे तिचेच शब्द.

"गोंगाट म्हणं!" संयोगिता माइककडं बघून ओरडली. "बाबांची गाडी हुती ती! गोंगाट कुणाला म्हणायलास रं?" तिच्या डोळ्यांत पाणीच आलं. त्या भरात ती एकेक व्हिडिओ पुढं ढकलत राहिली आणि त्यांच्या पाठीमागं दावणीला हरणी प्रत्येक वेळी खुंट्याला हिसडे देत रिकामी पाटी ढोसत होती, तिकडं दोघींपैकी एकीनंही बघितलं नाही. रागावलेल्या माणसाला पाठीमागची म्हैस दिसत नसते.

पाडवा उजाडला. घरात ठरलं ते असं की संयोगितानं दोर धरून चालत जायचं. सकाळपासून हरणीला घासूनपुसून लख्ख केलं. शिंगांना केशरी रंग, तोंडाला नवी म्होरकी, पायांत घुंगरांचे तोडे, कपाळावर तुरा. आईनं ओवाळलं. हरणी इतकी देखणी दिसत होती की संयोगिताला आणखीच वाईट वाटलं. एवढी सजून बिचारी दोरानं ओढत न्यायची!

संध्याकाळी रस्त्याच्या दोन्ही अंगाला माणसांची भिंत झाली होती. गच्च्यांवर बायका, झाडांवर पोरं. हलगीवाले घामानं निथळत होते. पिराजीकाका आपली पुंगळी काढलेली गाडी घेऊन आले, रस्ता दणाणून सोडला आणि त्यांची म्हैस तोडे वाजवत त्यांच्या मागं सुसाट गेली. शिट्ट्यांचा पाऊस पडला. परत येताना ते बाळासोंपाशी थांबले. विजेच्या गाडीकडं बघून म्हणाले, "काय बाळासो, म्हशीला पण चार्जिंगला लावली हुतीस काय रातभर?"

लोक हसले. बाळासोही हसले, पण त्यांचा काठीवरचा हात आवळला गेलेला संयोगिताला दिसला. ती दोर घेऊन पुढं झाली, तर बाळासोंनी तो तिच्या हातातून काढून घेतला आणि म्होरकीतून सोडवून टाकला.

"गाडीवर बस," ते म्हणाले.

"बाबा, न्हाय पळायची ती. उगं हसं हुईल."

"हुंदे. हसून कोण मरत न्हाय. गवळ्याची पोर दोर धरून न्हाय जायची. बस."

संयोगिता बसली. समोर मोकळा रस्ता, मागं हरणी, आणि हलगीवाल्यांनी जरा दम घ्यायला हात थांबवलेला. गाड्याही पुढच्या वळणाला गेलेल्या. तिनं बटण दाबलं. गाडी सुरू झाली, म्हणजे झाली असावी. कुणालाच कळलं नाही. गर्दीतून कुणीतरी ओरडलं, "अगं, सुरू कर की!" पुन्हा हशा.

मदिहा रस्त्याच्या कडेला फोन धरून उभी होती. कितीतरी सुट्ट्यांच्या दिवशी ती गोठ्यात असाच फोन धरून उभी राहिली होती. तेच शब्द तिच्या तोंडून सवयीनं निघाले, "चालू हाय गं. बोल!"

आणि सवयीनंच, काही म्हणजे काही विचार न करता, संयोगितानं छाती भरून आरोळी दिली, "या पावणं, या!"

हरणीचे कान ताडकन उभे राहिले.

संयोगिताला ते आरशात दिसलं. मान वर, नाकपुड्या फुललेल्या, डोळे सरळ तिच्या पाठीवर. माळावर कधी दिसली नव्हती ती हरणी. क्षणभर संयोगिताचा स्वतःच्या डोळ्यांवर विश्वास बसेना. तिनं मूठ हलकेच पिळली आणि पुन्हा हाक दिली, "या पावणं, या!" तोडे खणखणले. हरणी एक पाऊल टाकती झाली, दोन टाकली, आणि मग उधळलीच.

काय पळाली! तुरा मागं, शेपूट वर. संयोगिता गाडी दामटत होती आणि घसा फोडून ओरडत होती. नुसतं 'या पावणं' किती वेळ म्हणणार, म्हणून पुढचंही सुरू झालं, "आजची वस्तू हाय बिनआवाजाची गाडी! पैकीच्या पैकी दिलतं, अर्धे कापून घेतो! न्हाय न्हाय, परत दिले! या पावणं, या!" गाडीला आवाज नव्हता म्हणूनच तो रस्ताभर ऐकू गेला. पुंगळी काढलेल्या गाडीवर ती बसली असती तर तिची आरोळी तिच्याच कानापर्यंत पोचली नसती. गर्दीला आधी कळेना काय चाललंय. कळलं तशी दोन्ही अंगाची माणसं तिच्या सुरात ओरडू लागली. हलगीवाल्यांनीही हाताखालची हलगी तडतडवली. पण हरणीनं इकडं तिकडं मान वळवली नाही. शेकडो तोंडांनी 'या पावणं' म्हटलं तरी ती एकाच तोंडामागं धावत होती.

रस्त्याच्या टोकाला संयोगितानं गाडी थांबवली. हरणी धापा टाकत आली, तिच्या मांडीवर नाक आपटलं आणि थांबली. मग पुन्हा आपटलं. मग गाडीच्या हँडलला अडकवलेली पिशवी फाडायला लागली. तेव्हा कुठं संयोगिताला उलगडा झाला. आरोळी झाली, आता पेंड! रोजचा करार होता आणि म्हशीनं आपली बाजू भर बाजारात पाळली होती. पेंड मात्र घरी होती.

"देतो गं माझे आये, देतो," म्हणत ती हरणीच्या गळ्यात पडून हसायला आणि रडायला एकदमच लागली. हरणीला त्याचं काही नव्हतं. ती ओढणी चघळायला लागली.

माणसांतून वाट काढत पिराजीकाका आले. त्यांच्या हातात पाटी होती आणि पाटीत त्यांच्या म्हशीसाठी आणलेली पेंड. त्यांनी ती हरणीपुढं ठेवली. "खा," ते हरणीला म्हणाले, आणि संयोगिताकडं न बघताच पुढं म्हणाले, "पुढच्या साली माझ्या पोरीला पण शिकीव हे वरडायचं."

बाळासोंना पोचायला वेळ लागला. काठी कुठंतरी मागंच राहिली होती, आणि ते मदिहाचा खांदा धरून लंगडत, घामाघूम होऊन येत होते. तोंडभर हसू. ते हरणीजवळ गेले, तिच्या पाठीवर थाप मारली आणि खाकरून, सगळ्यांदेखत मोठ्यानं म्हणाले, "या पावणं, या!"

हरणीनं पाटीतून मान वर केली नाही.

त्यांनी पुन्हा हाक मारली. हरणी खातच राहिली. संयोगिताला ओशाळल्यासारखं झालं. "बाबा, खायला लागली की तिला काय ऐकू येत न्हाय," ती घाईनं म्हणाली.

बाळासोंनी मान हलवली. त्यांचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायची त्यांनी काही खटपट केली नाही.

"तसं न्हाय गं," ते म्हणाले. "इतकी वर्षं ती माझी गाडी वळखत हुती. तुला वळखती."

मग त्यांनी डोक्याचा गुलाबी पटका काढला, पोरीच्या डोक्यावर ठेवला, आणि तो नीट बसेना म्हणून मदिहाला धरायला सांगून स्वतः बांधायला लागले.